न बोलण्याचा आठवडा

सोमवार, ९ जानेवारी १९६७

आठ दिवस एक शब्दही बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही! कुजबुजणं तर ओरडण्यापेक्षा वाईट, असं डॉक्टर म्हणाले.

बोईसरच्या स्टँडवर घिवलीच्या एस.टी.ची वाट बघत लिहिते आहे. महिनाभर घसा बसलेला. आधी वाटलं सर्दी, मग वाटलं खोकला. आज शेवटी पालघर गाठलं. डॉक्टरांनी घशात आरसा घालून बघितलं, मला उबळ आली, डोळ्यांत पाणी आलं. हात पुसत ते म्हणाले, "बाई, स्वरयंत्रावर गाठी आल्यात. बारीक आहेत. वर्गात पोरं किती?"

मी म्हटलं, साठेक. दोन वर्षं झाली.

"आणि शाळेच्या बाजूला?"

एका बाजूला समुद्र. दुसरीकडे नव्या वीजघराचं काम — सुरुंग, दगडांचे ट्रक.

ते हसले. "म्हणजे दोन वर्षं तुम्ही समुद्रावर ओरडताय."

मीही हसले. मग त्यांनी सांगितलं, पुढच्या सोमवारपर्यंत संपूर्ण मौन. गाठी बसल्या तर बरं. नाही बसल्या तर मुंबईला ऑपरेशन. मी विचारलं, त्यानंतर आवाज पहिल्यासारखा येतो ना? तर म्हणाले, "ते आत्ता कशाला?" आवाज नसलेल्या मास्तरणीला कोण ठेवून घेणार?

रजा नाही. असलेली सगळी श्रावणात संपली, बाळ गेलं तेव्हा. म्हणजे वर्गावर जायचंच, तोंड मिटून. मुख्याध्यापक राऊत गुरुजींना चिठ्ठी लिहून ठेवली आहे. मोठे गुरुजी भले आहेत, समजून घेतील.

घरी मात्र काही अडचण नाही. हे मुंबईला, वेल्डिंगच्या ट्रेनिंगला, मार्चपर्यंत. राहिलो आम्ही सासू-सून. आणि आय तर श्रावणापासून माझ्याशी बोलतच नाही. मी आपली रोज म्हणते, "निघते, आये", "आले, आये". ती उत्तर देत नाही. काही सांगायचं असलं तर बोकीला सांगते. "बोके, भात झालाय म्हनावा." मांजर ऐकतं, मी वाढून घेते.

वर्षाच्या पहिल्या दिवशी यांनी ही रोजनिशी आणून दिली तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं. सकाळी कामाला लागण्याआधी किनाऱ्यावर जाऊन यायचं. मार्चच्या एस.एस.सी.चा अभ्यास रोज करायचा, बाहेरून बसते आहे, बीजगणित कच्चं आहे. आणि दिवस कसाही जावो, त्यातली एक तरी बरी गोष्ट इथे लिहायची. आवाज नसला तरी ह्यातलं काही अडत नाही. सोडायचं नाही.

आजची बरी गोष्ट — डॉक्टरांनी फी घेताना विचारलं, "काय शिकवता?" मी म्हटलं, सगळंच. म्हणाले, "मग आता गप्प बसणंही शिकवा."

मंगळवार, १० जानेवारी

किनाऱ्यावर गेले. भरती उतरत होती. होड्या वाळूवर कलंडलेल्या. कोणीतरी हाक मारली, "बाय, शालेत जाते का?" मान हलवली. भागलं.

शाळेत भागलं नाही. राऊत गुरुजींनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढला, पुन्हा घातला. "बाई, जमेल का?" मी मान हलवली. "बरं. मी मधून मधून चक्कर टाकीन."

मी फळ्यावर लिहिलं — 'बाईंचा घसा दुखतो. बाई आठ दिवस बोलणार नाहीत.' मुलांनी ते सुरात वाचलं, आणि पुढच्या क्षणाला वर्गाचा बाजार झाला! बोलणारी मी थांबले तर साठांना तोंड फुटलं. मी टेबलावर छडी आपटली, मग डस्टर. मागच्या बाकावरून कोणीतरी डस्टरची नक्कल केली. शेजारच्या गोदूबाईची नात मंगळी तेवढी उभी राहून किंचाळत होती, "गप बसा रे, बाय मुकी झालीय!"

दुपारच्या सुट्टीतही डस्टर हातातच होतं. बोलावं असं इतकं कधी वाटलं नव्हतं. फक्त एक शब्द. 'शांत.' तोही गिळला.

घरी आले. "आले, आये" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. आय चुलीपुढे होती. वळून बघितलं. मी काही म्हणत नाही म्हटल्यावर बघतच राहिली. मी घशाकडे बोट दाखवलं. तिने तोंड फिरवलं.

आता हिला सांगायचं कसं? पाटीवर लिहिलं तर तिला वाचता येत नाही. हातवारे करावेत तर ती बघत नाही. काल म्हटलं होतं, घरी अडचण नाही!

बरी गोष्ट — बीजगणिताची तीन उदाहरणं एका दमात सुटली. एरवी मी मोठ्याने पुटपुटत सोडवते. मनातल्या मनात जास्त नीट सुटतात की काय?

बुधवार, ११ जानेवारी

आज बरी गोष्ट सापडली नाही. उद्या दोन लिहीन.

गुरुवार, १२ जानेवारी

काल लिहिवेना. वर्गात गोंधळ, गुरुजी दोनदा येऊन पोरांवर ओरडून गेले. दुसऱ्या वेळी माझ्याकडे न बघता गेले. ते जास्त लागलं. किनाऱ्यावरही गेले नाही, पुस्तकही उघडलं नाही. एक दिवस सुटला. सुटला तर सुटला. आज परत धरलं.

पण सकाळी घरात जे झालं ते लिहायलाच हवं.

मी शाळेला निघाले. आय ओटीवर टोपली विणत बसली होती. बाजाराला जायची टोपली फाटली आहे तिची. मी चपला घातल्या आणि निघाले — न बोलता, दुसरं काय करणार? तर मागून, मोठ्याने, "बोके! लोकांला आता आमच्याशी बोलायची बी लाज वाटते. चार दिस झाले, घरातून निघते तरी सांगत नाय, येते तरी सांगत नाय. शिकलेली मानसा. आमी मासली इकनारी."

मी तिथेच उभी राहिले. सहा महिने! सहा महिने ही माझ्याशी बोलत नाही. बाळ गेलं त्या दिवशी खोलीत पाऊल टाकलं नाही, दारातून परत फिरली. सातव्या महिन्यापर्यंत शाळेत गेले म्हणून सगळं झालं, असं तिला वाटतं, हे मला न सांगता कळतं. ते गिळून मी रोज हाक मारते, आणि चार दिवस मारली नाही तर लाज माझी?

तोंडापर्यंत आलं होतं. एका वाक्यात सगळं बोलले असते. पदराचं टोक दातांत धरलं आणि चालू लागले. फाट्यापर्यंत पदर दातांतच होता.

संध्याकाळी गोदूबाई आमच्या ओटीवर आली. नातीकडून तिला कळलं होतं. माझ्याशी बोलताना ती ओरडते, जसं काही मी बहिरीच झाले. "घ-सा-कसा-हाय-ग?" मग आयकडे वळून म्हणाली, "येसूबाय, तुला ठावं हाय ना? सुनेला डाक्टरनी बोलायचा बंद केलाय. बोलली तर आवाज कायमचा जाईल म्हनतय. आमची मंगली रोज येऊन सांगते."

आय विणत होती ती थांबली. टोपलीची काडी हातात तशीच राहिली.

गोदूबाई गेल्यावर मी हातपाय धुऊन आत आले तर उंबऱ्यावर तांब्या ठेवलेला, वर फडकं. आय आतून म्हणाली, "बोके, पानी गरम केलाय. मीठ घातलाय. ज्याला घसा हाय त्यानी घ्यावा."

दोन बऱ्या गोष्टी लिहायच्या होत्या. एक, सकाळी मी बोलले नाही. दोन, तांब्या.

शुक्रवार, १३ जानेवारी

आज वर्गात काय झालं ते मलाही नीट कळलेलं नाही, पण झालं खरं.

सकाळी मी मंगळीला पुढे बोलावलं. फळ्यावर लिहिलं — 'मंगळी आज बाईंचा आवाज.' ती मोठ्याने बोलणारी, सगळ्यांना दटावणारी. वाटलं, हिच्या तोंडून काम होईल. मी लिहायचं, तिने म्हणायचं. पहिला तास तसा गेला. पण पोरगी इतका वेळ बोलून दमली, तिचाच घसा बसत आला. मग ती हळू बोलायला लागली. ती हळू बोलते म्हणून मागच्यांना ऐकू येईना. मागच्यांना ऐकायचं तर होतंच, कारण मंगळी काय चुकते हे पकडायचं होतं! म्हणून ते गप्प झाले.

आणि मग सगळा वर्गच हळू बोलायला लागला. कोणी सांगितलं नाही. मी छडी ज्याच्याकडे दाखवेन तो उठून हळूच उत्तर द्यायचा, जसं काही घरात कोणी झोपलंय. सुरुंग उडाला तेव्हा सगळे दचकले, नंतर हसले, तेही हळू. दोन वर्षं ह्या खोलीत शिकवते आहे. आज पहिल्यांदा वर्गात बसून लाटांचा आवाज ऐकला.

राऊत गुरुजी धावत आले. त्यांना वाटलं, मी वर्ग सोडून दिला! दारात थबकले. साठ तोंडं त्यांच्याकडे वळली, आणि मंगळीने ओठावर बोट ठेवलं — गुरुजींनाच गप्प राहा म्हणून. गुरुजी चवड्यांवर परत गेले.

सुट्टीत आले ते एक मडकं घेऊन. त्यांच्या घरी काल उकडहंडी लावली होती — कंद, रताळी, वालाच्या शेंगा मडक्यात भरून, मडकं उलटं ठेवून वरून जाळ. बाईंसाठी दिलीय मंडळींनी, म्हणाले. मग जरा घुटमळले. "वरून कोणी विचारलं तर बाई वर्गावर आहेत, वर्ग चालू आहे, एवढंच मी सांगणार. खोटं त्यात काही नाही." मी हात जोडले.

घरी मडकं नेलं. आयने झाकण काढून वास घेतला. आज भोगी, तिने बाजरीची भाकरी केली होती. दोघी जेवलो. ती बोकीशीही बोलली नाही. पण मोठं रताळं निवडून माझ्या ताटाच्या कडेला ठेवलं. तिच्या हाताला आमच्या बोंबलांचा वास असतो, धुतला तरी. आज त्या वासाने मला एकदम भूक लागली.

इंग्रजीचे दोन धडे. शब्द मनात म्हणून पाहिले. मनात माझा उच्चार अगदी साहेबासारखा आहे!

शनिवार, १४ जानेवारी

संक्रांत. सकाळपासून ओटीवर पोरांची रांग. "बाई, तिळगूळ घ्या, गोड बोला —" आणि पुढे काय म्हणावं कळेना. एकमेकांना कोपरं मारत उभे. मग मंगळीने तोडगा काढला, "बाई, तिळगूळ घ्या, गोड गप्प बसा." मग सगळ्यांनी तेच चालवलं. मला हसू आवरेना आणि हसायलाही आवाज नको, नुसती हलत होते. डोळ्यांतून पाणी.

आय आतून बघत होती. पोरं गेल्यावर बाहेर आली. तिच्या मुठीत लाडू होता, काल दुपारी गोदूबाईकडे जाऊन दोघींनी वळले होते म्हणे. माझ्यासमोर उभी राहिली. बोकी पायाशी घुटमळत होती, तिच्याकडे तिने बघितलं नाही.

"घे," म्हणाली. माझ्याकडे बघून. मला.

मी हात पुढे केला.

"गोड बोल म्हनायचा तं तुला बोलता येत नाय," ती म्हणाली. "आनि मला येते तं मी बोलत नाय." मग एकदम वळून आत गेली, भांडी आपटायला लागली.

लाडू कडक होता. कितीतरी वेळ तोंडात घोळवत राहिले.

रविवार, १५ जानेवारी

दुपार. आय पडली आहे. मी ओटीवर बसून लिहिते आहे.

सकाळी किनाऱ्यावर जायला निघाले तर ती म्हणाली, "थांब. मी पन येते. बोंबील घालायचे हायत." दोघी गेलो. बांबूंमध्ये ताणलेल्या दोऱ्यांवर बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून टांगायचे. मला ते सरसर जमत नाही. लग्नानंतर शिकले, तरी ओले बोंबील हातून निसटतात. एरवी ती बघून बोकीला काहीतरी म्हणाली असती. आज माझा हात धरून दाखवलं. "असा. जास्ती दाबायचा नाय."

एक दोरी भरली, दुसरी भरली. ऊन वर आलं. ती दोरीच्या पलीकडे, मी अलीकडे, मध्ये बोंबील लोंबताहेत, तिचा चेहरा अर्धाच दिसत होता. आणि ती बोलायला लागली. कोणाला सांगितल्यासारखं नाही. हात चालूच.

"तू रोज म्हनतेस ना, निघते आये. ते ऐकायला मी ओटीवर थांबत व्हते. चार दिस नाय म्हनलीस तं मला वाटला, संपला. हिनी बी सोडला."

माझे हात थांबले.

"मी रागानी बोलायचा बंद नाय केला, सुले. त्या दिशी मी बोईसरच्या बाजारात. गोदूचा पोर सांगायला आला. टोपली तशीच टाकून आली. आले तं सगला झाला व्हता. पोरीला घेऊन बी गेले व्हते. मी दारात आले, तू भिंतीकडे तोंड करून. काय बोलू? माज्या तोंडात शब्दच नाय. म्हनलं, उद्या बोलू. उद्या बी नाय. आठ दिस गेले. मग महिना गेला. मग तोंड उगडायचा कसा, तेच समजे नाय. जेवडे दिस जातात तेवडा जड व्हते."

मी दोरीखालून वाकून तिच्या बाजूला गेले. तिने हात पुढे केला — थांब, म्हणून.

"अजून आयक. त्या दिशी सकाली विहिरीवर पान्याला तुला मीच धाडली. मला बाजाराची घाई. भरलेले हंडे तू आनलेस. मी बगितला तुजा चेहरा, पांढरा पडला व्हता, तरी टोपली उचलून गेली मी. माज्यामुलं झाला ते. माज्या पोराला, किसनाला बी नाय सांगितला. देवाला बी नाय सांगितला."

आणि मला खरं माहीत आहे! नर्सबाईंनी त्याच दिवशी मला सांगितलं होतं — नाळेचा वेढा बसला होता बाळाच्या गळ्याला. आधीच बसला असेल. पाण्याने नाही, शाळेने नाही, कशाने नाही, कोणाच्या हातात नव्हतं. मला वाटलं होतं सगळ्यांना ठाऊक आहे. हिला कोणी सांगितलंच नाही. सांगणार कोण? तीही कोणाशी बोलत नव्हती. आणि मी समजत होते, ती मला दोष देते आहे. दोघी एका घरात, एका चुलीवर, सहा महिने.

मी जोरजोरात मान हलवली. नाही, नाही. तिचे हात धरले. गळ्याभोवती बोट फिरवून दाखवलं, दोरी गुंडाळल्यासारखं. ती घाबरून म्हणाली, "घसा दुखते का? पानी देऊ?" मी कपाळावर हात मारला. पुन्हा दाखवलं. बाळ हातात धरल्यासारखं केलं, मग गळा, मग वेढा. तिला कळेना. ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

तेव्हा मी ठरवलं. जाऊ दे गाठी, जाऊ दे नोकरी. श्वास घेतला, तोंड उघडलं —

तिने माझ्या तोंडावर तळहात ठेवला. खारट, ओला, बोंबलाचा वास येणारा. घट्ट.

"नाय," म्हणाली. "बोलायचा नाय. येवडे दिस सांभाललास, एका दिसासाठी घालवू नको. जे काय हाय ते उद्या सांग. मी कुठं जातय?"

तिचा हात तोंडावरून निघाल्यावरही मी गप्पच राहिले. उरलेल्या दोऱ्या भरल्या. कावळे हाकलले. दोघी एकामागून एक घरी आलो, ती पुढे, मी मागे. वाटेत ती दोनदा वळून बघत होती, मी आहे ना म्हणून.

उद्या डॉक्टर. देवा, उद्या डॉक्टरांनी हो म्हणू दे. ऑपरेशन करायचं तर नंतर करा, पण एक वाक्य मला बोलू द्या.

आज अभ्यास नाही. बरी गोष्ट वेगळी काढून लिहीत नाही.

सोमवार, १६ जानेवारी

पालघर स्टेशन. गाडीला वेळ आहे. बाकावर शेजारी उमरोळीची एक बाई भाजीची पाटी घेऊन बसली आहे, मी लिहिते ते वाकून बघते आहे. बघू दे.

डॉक्टरांनी आरसा घातला. ह्या वेळी उबळ आली नाही, चार दिवस मीठपाणी पिऊन घसा शहाणा झाला असावा. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "आ म्हणा." मी म्हटलं. आला! जाडसर, घोगरा, दुसऱ्या कोणाचा तरी वाटावा असा, पण आला.

"गाठी बसत चालल्यात," म्हणाले. "अजून महिनाभर जपायचं. हळू बोलायचं, गरजेपुरतं. वर्गात ओरडायचं नाही, कळलं?"

मान हलवली.

ते हसले. "आता बोला की. परवानगी दिली."

मी पुन्हा मान हलवली, हात जोडले आणि बाहेर आले. त्यांना वाटलं असेल, बाई विचित्रच आहे. पण पहिलं वाक्य कोणाला द्यायचं ते कालच ठरलंय. गार्डाला नाही, तिकीटबाबूला नाही. बोईसरला चहा घेईन तोही बोट दाखवून.

ऑपरेशन नाही! नोकरी आहे. मार्चात परीक्षा आहे. महिनाभर हळू बोलायचं, तर साठ पोरं तशीही हळू बोलायला शिकलीत.

सिग्नल पडला. शेजारची बाई म्हणते, "बाय, काय लिवते येवडा?" तिलाही नुसतं हसून दाखवलं.

मंगळवार, १७ जानेवारी

काल एस.टी.तून उतरले तर आय फाट्यावर उभी. किती वेळ उभी होती कोण जाणे. माझ्या हातातली पिशवी घेतली आणि चालायला लागली. मी चालता चालताच सांगितलं. "आये, पाण्याने नाही झालं. नाळेचा वेढा होता गळ्याला. आधीचाच. नर्सबाईंनी सांगितलं. कोणाकडून काही चुकलं नव्हतं."

ती चालत राहिली. गोदूबाईच्या कुंपणापाशी थांबली, कुंपण धरून उभी राहिली. मग म्हणाली,

"पोरीचा नाव काय ठेवनार व्हतीस?"

हे मला कोणी विचारलं नव्हतं. यांनीसुद्धा नाही. मी कधी उच्चारलंही नव्हतं.

"वत्सला," मी म्हटलं.

"वच्छला," आय म्हणाली. मग परत एकदा, हळू. "आमची वछी."